घरी येण्याची गत

माणूस डोक्याने विचार करतो अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवल्यामुळे ती कितपत खरी आहे याबद्दल मला शंका होतीच, पण घोट्याने विचार करणारा माणूस मात्र मी एकच पाहिला. ते म्हणजे आमचे दिग्दर्शक. कोल्हापुरात सिनेमे निघत होते त्या काळात त्यांनी पाच-सहा सिनेमे काढले. 'आमचे' एवढ्यासाठी म्हणायचं की त्यांतल्या बहुतेकांचे संवाद मी लिहिले. म्हणजे मी लिहिले आणि त्यांनी खोडले. शिवाजी पेठेत आमच्या घरामागच्या बोळात ते राहायचे आणि दिसण्याआधी ऐकू यायचे. कर्रकर्र वाजणाऱ्या चपलांच्या आवाजात जरा फरक पडला, की आज स्वारीचं काहीतरी बिनसलंय हे आमच्या स्वयंपाकघरापर्यंत कळायचं. अडचण आली की माणसं डोकं खाजवतात. हे उजवी टाच जमिनीवर हलकेच आपटत राहायचे आणि मग एकदम "जमलं!" म्हणून चालू लागायचे. एका निवडणुकीत मी आमच्याच शाळेत मतदान केंद्रावर ड्युटीला होतो. दिग्दर्शक मतपत्रिका घेऊन आडोशाला गेले ते बाहेरच येईनात. रांग खोळंबली, पोलीस माझ्याकडे बघायला लागला, आणि आतून नुसतं ठक, ठक, ठक ऐकू येत होतं. शेवटी "जमलं!" असा आवाज आला आणि लोकशाही पुढे सरकली.

त्यांनी मला शोधून काढलं ते शाळेच्या गॅदरिंगला. मी लिहिलेलं नाटुकलं बघून ते मागच्या खोलीत आले आणि ओळखपाळख न काढता म्हणाले, "गुरुजी, तुम्ही चांगलं लिहितासा. पण लई लिहितासा." यातलं पहिलं वाक्य मी लक्षात ठेवलं आणि दुसरं सोडून दिलं, तिथेच माझी फसगत झाली. त्यांच्या सिनेमात एक मुलगा लष्करात भरती व्हायला निघतो असा प्रसंग होता. मी त्याच्या आईच्या तोंडी दीड पानांचं बोलणं लिहिलं. लिहिताना माझेच डोळे भरून आले होते, त्यामुळे ते चांगलं झालं असणार याची मला खात्री होती. दिग्दर्शकांनी कागद हातात घेतले, मला खुर्चीवरून उठवलं आणि म्हणाले, "तुम्ही पोरगं. पिशवी घ्या, दाराकडं चला. मी आई." मी पिशवी घेऊन चालू लागलो आणि ते मागून माझा संवाद वाचू लागले. मी दार ओलांडून बाहेर गेलो, बोळ संपला, कोपऱ्यावरच्या पानवाल्याने "काय गुरुजी, गावाला?" असं विचारलं, तरी पाठीमागून आईचा आवाज येतच होता. परत आलो तर ते कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "बघा. पोरगं एस.टी.त बसलं, आई अजून बोलालीय."

मग त्यांनी ते दीड पान खोडलं. पडद्यावर त्या आईने फक्त टोपलीवरचं झाकण काढलं, आणखी एक भाकरी फडक्यात ठेवली, अर्धवट उठली आणि परत खाली बसली. ते अर्धवट उठणं त्या नटीकडून त्यांनी इतक्या वेळा करून घेतलं की ती बाई घरी जेवायला बसतानासुद्धा अर्धवट उठायची म्हणे. मी आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला. पुढे सिनेमा लागला तेव्हा गुपचूप जाऊन बसलो. ती भाकरी फडक्यात पडली आणि बायकांच्या बाजूने असा हुंदका उठला की पुढच्या प्रसंगातली माझी शिल्लक राहिलेली दोन वाक्यं कुणालाही ऐकू गेली नाहीत. मी बाहेर येऊन त्यांना म्हणालो, "ठीक आहे." त्यांना ते पुरलं, कारण माझं ते वाक्य त्यांच्या मते योग्य लांबीचं होतं.

हे सगळं वेड कुठून आलं, तर नाचातून. मूळचे ते गडहिंग्लजजवळच्या नेसरीचे. लहानपणी गणपतीच्या मेळ्यात लुगडं नेसून नाचायचे आणि तोवर घरच्यांनाही त्याचं कौतुक होतं. पुढे शिक्षणासाठी कोल्हापूरला आले, पण शाळेची वाट सोडून एका उस्तादांच्या दारात जाऊन बसले. उस्ताद म्हणजे संस्थानच्या काळात दरबारात नाचलेले एक वृद्ध मुसलमान गृहस्थ. दरबार गेला, नाच राहिला, आणि तो कुणाला द्यावा या विवंचनेत ते असताना हा नेसरीचा मुलगा त्यांच्या पुढ्यात आला. ही बातमी गावी पोचली तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "पायात चाळ बांधायचं असतील तर ह्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई." यांनी चाळ बांधले. उस्तादांच्या माघारी पोटासाठी स्टुडिओत गेले. पौराणिक सिनेमात गंधर्वांच्या मागच्या रांगेत नाचले, मग नृत्यदिग्दर्शकाचे मदतनीस झाले, आणि एकदा मुख्य दिग्दर्शक रुसून निघून गेले तेव्हा राहिलेला सिनेमा यांनी पुरा केला. तेव्हापासून युनिटमध्ये सगळे त्यांना 'मास्तर' म्हणू लागले. गंमत अशी, की नाचणाऱ्या माणसाच्या हाती सिनेमा आला, आता लावण्यांची आतषबाजी होणार म्हणून निर्माते खूश झाले, आणि यांनी आपल्या एकाही सिनेमात एकही नाच घातला नाही. एका निर्मात्याने फारच गळ घातली तेव्हा म्हणाले, "नाच म्हंजे काय गाणं लागल्यावर उठून करायची गोष्ट हाय व्हय? ती बाई चूल फुंकतीया, त्यो नाच न्हवं तर काय हाय?" निर्माता पोस्टरवर चूल कशी छापायची या काळजीत घरी गेला.

त्यांच्या सेटवर 'स्टार्ट' आणि 'ॲक्शन' हे शब्द नव्हते. मास्तर कॅमेऱ्याशेजारी उभे राहून टाचेने ठेका धरायचे, नट-नट्यांची मूकपणे तालीम चालायची, आणि सगळं मनासारखं आलं की मोठ्याने म्हणायचे, "थै!" त्या थैला कॅमेरा चालू व्हायचा. थैच्या आधी जे काही घडेल ती तालीम, आणि तालमीवर कच्ची फिल्म एक वीतसुद्धा खर्च करायची नाही, हा नियम. फिल्म तेव्हा सहजासहजी मिळत नसे. कॅमेरा सांभाळायचे हसनभाई. ते माझ्याच वयाचे, शांत, पोटाने मोठे आणि मनाने त्याहून मोठे. दोघांची जोडी पहिल्या सिनेमापासूनची. एकदा प्रेतयात्रेच्या दृश्याची तालीम चालू असताना गर्दीतल्या एका म्हाताऱ्या बाईला आपला कोणी गेलेला माणूस आठवला आणि ती खरोखरच रडू लागली. हसनभाईंना राहवलं नाही, त्यांनी थैची वाट न बघता कॅमेरा चालू केला. मास्तर जे भडकले! "तिचं रडू तिचं हाय. ते चोरून घ्याचं न्हाई. मी म्हणंपर्यंत तुमचं बटन तुमच्या बापाचं न्हाई." हसनभाईंशी ते त्यानंतर कितीतरी दिवस फक्त पायाने बोलत होते. तेव्हापासून हसनभाईंचं बोट थैशिवाय कधी हललं नाही. स्टुडिओत आग लागली तरी हसनभाई आधी थै झाला का विचारतील, असं लोक म्हणायचे.

एका सिनेमात खलनायकाच्या कामासाठी आमच्या पेठेतल्या तालमीतला एक पैलवान घेतला होता. मारामारीच्या तालमीत मास्तर त्याला मात्रा मोजायला लावत. पैलवान वैतागला. "मास्तर, मारायचं म्हंजे मारायचं. त्यात मोजायचं काय?" मास्तर म्हणाले, "न मोजता मारशील तर हिरो दवाखान्यात आणि पिक्चर डब्यात. समेवर हात आला पायजे." पैलवान कष्टाळू होता. तो इतका मन लावून शिकला की आखाड्यातसुद्धा ठेक्यात जोर काढायला लागला. पुढल्याच मैदानात समोरच्या गड्याने पटात शिरून त्याचा पाय धरला, आणि हा उलट डाव टाकायला समेची वाट बघत राहिला. क्षणात पाठ मातीला लागली. संध्याकाळी पैलवानाचे वस्ताद अख्खी तालीम घेऊन मास्तरांच्या बोळात आले. आज काही खरं नाही म्हणून मी खिडकीतून बघत होतो. वस्तादांचं बोलून झाल्यावर मास्तर शांतपणे पैलवानाकडे वळले आणि म्हणाले, "मी हुतो की मैदानात. पडलास, पण काय देखणं पडलास रं!" त्यावर पैलवान लाजला. पैलवानच लाजल्यावर वस्तादांनी अख्खी तालीम माघारी नेली.

शिवाजी पेठेत राहायचं आणि फुटबॉल बघायचा नाही हे शक्य नसतं, म्हणून तेही बघायचे. पण खेळाडू त्यांना फक्त कमरेखालीच दिसायचे. चेंडू कुठे आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसायचं. एकदा पेठेच्याच टीमचा सामना. समोरच्या टीमच्या एका पोराने आमच्या बॅकला अशी काही गिरकी मारून चकवलं आणि गोल केला, की सगळ्या पेठेत स्मशानशांतता पसरली. त्या शांततेत हे उभे राहिले आणि टाळी वाजवून ओरडले, "क्या बात है!" आजूबाजूची डोकी एकदम वळली. मी त्यांचा दंड धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आमचं पावणं हायत, गडहिंग्लजकडचं. त्यास्नी ठाऊक न्हाई." पावण्याला कोल्हापुरात मारत नाहीत, म्हणून वाचले. घरापर्यंत ते मला त्या गिरकीबद्दलच सांगत होते, आणि ज्या टीमने आम्हाला हरवलं तिचं नाव काय, हे त्यांनी मला घरापाशी आल्यावर विचारलं.

असे किस्से पेठेत खूप होते. चहाच्या गाड्यावर मास्तरांचं नाव निघालं की माणसं पोट धरून हसायची. पण मला हळूहळू एक गोष्ट जाणवत गेली. त्यांच्याबद्दल बोलायला सगळ्यांना आवडे, त्यांच्याकडे जाऊन बसायला कुणालाच नाही. त्यांच्याजवळ नाचाखेरीज दुसरं बोलणंच नव्हतं. महागाई, राजकारण, मुलांच्या परीक्षा यांतलं काही निघालं की ते नम्रपणे ऐकत आणि टाच हलत राहायची. त्यांची खोली चांगली मोठी, पण पाय मोकळे राहावेत म्हणून तीत सामानच नव्हतं. एक वळकटी, एक स्टोव्ह, एक ट्रंक आणि खुंटीला उस्तादांचे चाळ. गेलेल्या माणसाने बसायचं कुठे, तर ट्रंकेवर. संध्याकाळी शूटिंग नसलं की खाणावळीतून जेवून यायचे, खोलीचं दार आतून लावायचे, आणि मग माझ्या घराच्या मागल्या भिंतीतून तासभर ठेका ऐकू यायचा. माझी बायको भांडी विसळता विसळता थांबून म्हणायची, "एकट्यानं कसं हो नाचवतं माणसाला?" दिवाळीला ती त्यांना मुद्दाम फराळाला बोलवायची. ते यायचे, पण दाराशीच बसायचे. "भावजी, आत या की," म्हटलं की म्हणायचे, "असूं दे वहिनी, इथं वारं चांगलं लागतं." कुणाच्याच घरात ते कधी आतपर्यंत गेलेले मी पाहिले नाहीत. वडील वारले तेव्हा ते नेसरीला गेले होते, एवढं एकदा त्यांनीच सांगितलं. गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. भावकी दारात उभी होती, कुणी या म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही. ते तिथूनच माघारी फिरले.

त्यांचं लग्न व्हावं म्हणून मी एकदा पुढाकार घेतला होता. इचलकरंजीजवळ कबनूरला एका घरी मुलगी बघायला घेऊन गेलो. माणसं चांगली होती, मुलगीही वयाला आणि स्वभावाला शोभेल अशी. दुर्दैव एवढंच की घराला लागूनच त्यांचे यंत्रमाग होते आणि ते चालू होते. मुलगी पोहे घेऊन आली. मास्तरांची मान एका बाजूला कललेली, डोळे मिटलेले, टाच चालू. मुलीच्या बापाने काही विचारलं की मी उत्तर द्यायचो. थोड्या वेळाने ते डोळे उघडून बापाला म्हणाले, "तुमचा चौथा माग चुकालाय." बापाने कारखान्यात माणूस पाठवला, तर खरंच त्या मागाचं काहीतरी ढिलं झालेलं. मास्तर मग स्वतःच उठून आत गेले ते तास उलटला तरी बाहेर आलेच नाहीत. लग्न मोडलं हे सांगायला नकोच. परतीच्या एस.टी.त मी चिडून विचारलं, "अहो, निदान मुलगी तरी पाहिलीत का?" ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "बघितली की. बशी ठेवून जाताना दारात जरा थांबली हुती. चांगली हुती, गुरुजी." पुढे इचलकरंजीहून कोल्हापूर येईपर्यंत त्यांची टाच हलली नाही, हे मला स्पष्ट आठवतं.

पुढे दिवस बदलले. सिनेमावाले एकेक करून मुंबईला जाऊ लागले. ज्या सिनेमात नाच नाही आणि बोलणंही फारसं नाही तो कोण काढणार? मास्तरांचे गुडघेही बोलू लागले होते. एका संध्याकाळी मी ट्रंकेवर बसलो असताना त्यांनी मला पहिल्यांदा ती गोष्ट सांगितली. उस्तादांनी त्यांना एक गत दिली होती, म्हणजे चालीचालीतून एक प्रसंग उभा करायचा, तोंडाने काही बोलायचं नाही. माणूस फार दिवसांनी घरी येतो, एवढाच प्रसंग. दुरून येतो, दाराशी घुटमळतो, पाय धुतो, आतून कुणीतरी दार उघडतं, तो वाकून आत जातो आणि बसतो. उस्तादांनी स्वतः बांधलेली आणि दुसऱ्या कुणाला न शिकवलेली ही गत आता जगात फक्त यांच्यापाशी होती. "शिष्य लई केलं, गुरुजी," ते म्हणाले. "एक फुटबॉलला गेला, एक मुंबईला गेला, एकीचं लगीन झालं. आता कोण येतंय? गुडघं हायत तवर ही फिल्मवर घेऊन ठेवायला पायजे. न्हाईतर उस्ताद दुसऱ्यांदा मरतील." इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. आताही मागत नव्हते, पण या शूटिंगला तुम्ही या, एवढं म्हणाले.

शेवटचा सिनेमा संपत आला होता. डब्यात थोडी फिल्म उरली होती आणि ती वापरायला निर्मात्याने हो म्हटलं. स्टुडिओत घराच्या अंगणाचा सेट अजून मोडायचा होता. सकाळी आम्ही पाच-सात जण जमलो. हसनभाईंनी आदल्या दिवशीच कॅमेरा पुसून ठेवला होता आणि स्वतः धुतलेला सदरा घालून आले होते. मास्तरांनी उस्तादांचे चाळ बांधले. ते उठून उभे राहिले तसा आम्हाला सगळ्यांनाच संकोच वाटला. इतकी वर्षं त्यांना नाचावरून हसलो, पण नाचताना आमच्यापैकी कुणीच कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या मदतनिसाने विचारलं, "मास्तर, तुम्ही कॅमेऱ्याफुडं. मग थै कोण देणार?" मास्तर म्हणाले, "मीच देणार की. दुसऱ्याच्या थैवर मी कधी नाचलोय व्हय?" तबलजीने ठेका धरला. मास्तर दूर भिंतीपाशी जाऊन उभे राहिले, डोळे मिटले, कानाला हात लावून उस्तादांचं स्मरण केलं आणि चालायला लागले.

ते कसं होतं हे सांगणं माझ्या पेशाच्या माणसाला जमायला हवं, पण जमत नाही. अंगण तेवढंच होतं, पण माणूस फार लांबून येत होता. मधेच तो थांबला, खांद्यावरचं ओझं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, आणि ओझं नव्हतंच. दाराशी येऊन त्याने हात उचलला, कडीपर्यंत नेला आणि मागे घेतला. पाय धुतले तेव्हा तबलजी मान खाली घालून वाजवत होता, त्याला बघवत नव्हतं. मग दार उघडलं. उघडणारेही मास्तरच आणि बाहेर उभे असलेलेही मास्तरच, पण दार दुसऱ्या कुणीतरी उघडलं याबद्दल आम्हाला कुणालाही शंका नव्हती. ते वाकले, आत गेले, आणि खाली बसले. चाळ शांत झाले. ते बसून राहिले. गत अजून संपली नाही असंच आम्हाला वाटत होतं. बऱ्याच वेळाने ते हळू आवाजात म्हणाले, "कुणीतरी हात द्या रं. गुडघा गेला."

दोघांनी धरून त्यांना खुर्चीत बसवलं. चेहरा वेदनेने पांढरा पडला होता, पण ते हसत होते. "हसनभाई, कसं आलं?" हसनभाई कॅमेऱ्यापाशीच उभे होते, बोट बटणावर, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. मग म्हणाले, "मास्तर, तुम्ही थै म्हणलाच न्हाईसा."

फिल्म डब्यातून निघाली तशीच कोरी होती. हसनभाईंना वाटलं तालीम चालली आहे. थैशिवाय जे घडतं ती तालीम, आणि मास्तरांच्या तालमीवर कॅमेरा चालवायचा नाही, हे त्यांना मास्तरांनीच शिकवलं होतं. "म्हणलो की," मास्तर गोंधळून म्हणाले. मग खाली आपल्या पायांकडे बघत राहिले. "मनात म्हणलो वाटतं." हसनभाई त्यांच्या पायाशी बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मास्तरांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमचं काय चुकलं? तालीमच हुती ती. लई वर्सं तालीमच चाललीया." कुणीतरी चाचरत पुन्हा करायचं का विचारलं. त्यांनी गुडघ्यावरचं धोतर बाजूला करून दाखवलं. तो गुडघा बघितल्यावर तबलजीने तबल्याला गवसणी घातली. फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

गुडघा बरा झाला नाही. आम्हीच खोलीत नेऊन ठेवलेल्या एका खुर्चीला ते खिळले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हसनभाई आले, आणि फिल्मवर नाही तर निदान डोक्यात तरी घेऊ दे म्हणून गत पहिल्यापासून समजावून द्या म्हणाले. मग तबलजी येऊ लागला, मदतनीस येऊ लागला, मी तर मागच्याच घरात होतो. त्या बिनसामानाच्या खोलीत रोज संध्याकाळी सतरंजी पडू लागली. "ओझं आधी डाव्या खांद्यावर हुतं," असं मी म्हणे, हसनभाई उजव्या म्हणत, आणि मास्तर खुर्चीतून ओरडत, "दोघं बी आंधळं हायसा काय!" आणि हातांनी करून दाखवत. हसनभाई आपलं पोट सांभाळत खोलीतच अंगणातली चाल चालून दाखवत तेव्हा मास्तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत. माझी बायको चहा घेऊन यायची आणि आता तीच दाराशी उभी राहायची. गत दार उघडण्यापर्यंत आली की मात्र मास्तर हात खाली ठेवायचे. "फुडचं तुम्हास्नी ठाऊकच हाय," म्हणायचे, आणि विषय बदलायचे. त्यापुढेच, बसताना गुडघा गेला होता म्हणून त्यांना तिथे थांबायचं असेल असं समजून आम्ही कुणी आग्रह केला नाही. अशी दोनेक वर्षं गेली. मला वाटतं ती त्यांची बरी गेली. मग एका पहाटे ते झोपेतच गेले. नेसरीहून पुतण्या आला आणि रीतसर सगळं करून गेला.

त्या सकाळी सेटवर असलेल्यांपैकी आता हसनभाई आणि मी, दोघेच उरलो आहोत. आठवड्यातून एकदा ते काठी टेकत माझ्याकडे येतात, चहा होतो, आणि ती गत आम्ही मनातल्या मनात पुन्हा चालून बघतो. खांदा, कडी, पाणी, सगळं आता जुळतं, तिथे वाद नाही. वाद एकाच जागी आहे, मास्तरांनी पुन्हा कधी करून न दाखवलेल्या. आत जाऊन बसल्यावर मास्तरांनी मान वळवून दाराकडे पाहिलं होतं, असं हसनभाई म्हणतात. दार उघडणारं माणूस पाठोपाठ आत येतंय का, ते बघत होते म्हणे. "मी कॅमेऱ्यातून बघत हुतो, माझं चुकणार न्हाई," म्हणतात. मीही तिथेच, त्यांच्या शेजारी उभा होतो. मला वाटतं त्यांनी मान वळवली नाही. घरी पोचलेला माणूस मागे कशाला बघेल? आम्ही दोघंही हट्टाने आपलंच खरं करतो, आवाज चढतो, आणि मग दोघंही एकदम माझ्याकडे आणून ठेवलेल्या मास्तरांच्या खुर्चीकडे बघतो. आंधळे कोण, हे सांगणारं त्या खुर्चीत आता कुणी नाही.